डबीतली वीज: घरगुती बॉक्स मॉडच्या छंदाची गोष्ट

आजचा विषय म्हणजे अवघड जागेचं दुखणं आहे, तेव्हा ते आधीच बोलून मोकळे होतो. ई-सिगारेट आपल्या देशात बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात करणं, विकणं, विक्रीसाठी साठवणं, जाहिरात करणं, हे सगळं गुन्ह्यात बसतं. बनवलं किंवा विकलं तर पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे या टेबलावर ई-सिगारेट नाही आणि ती कशी जोडायची हेही आम्ही सांगणार नाही. टेबलावर आहे ती ॲल्युमिनियमची एक रिकामी डबी, एक सेल, तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर आणि वीतभर तार. निकोटिनचं म्हणाल, तर ते धुरातून घ्या नाहीतर वाफेतून, सवय लागायची ती लागतेच.

मग हा विषय घेतलाच कशाला? तर २००८ ते २०१६ या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिथियम बॅटरीशी झटापट केली. त्यात ते जे शिकले, ते आज आपल्याला हवं आहे. कारण तोच सेल आता आपल्या घरात आला आहे. टॉर्चमध्ये आहे, पॉवर बँकेत आहे, लॅपटॉपमध्ये तर होताच. आमच्या कार्यशाळेत डिप्लोमाची मुलं येतात, ती तापकीर गल्लीतून नाहीतर जुन्या बाजारातून असे सेल मूठमूठ घेऊन येतात. पिशवीत! एकावर एक टाकलेले. तेव्हा ही गोष्ट मुख्यतः त्यांच्यासाठी.

सुरुवात अशी झाली. आजच्या ई-सिगारेटचं श्रेय साधारणपणे होन लिक या चिनी औषधनिर्मात्याला देतात. त्याचं काम २००३ च्या सुमाराचं. पहिल्या पिढीची ई-सिगारेट दिसायला हुबेहूब सिगारेटसारखी होती, आणि तिथेच गोची होती. सिगारेटच्या जाडीच्या नळीत बॅटरी मावणार केवढी? पेन्सिल सेलपेक्षाही बारीक. थोडा वेळ ओढली की संपली, लावा चार्जिंगला. सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाच्या हातात नेमक्या तलफेच्या वेळी मेलेली बॅटरी! मग लोकांच्या मनात आलं, की दिसायला सिगारेटसारखीच कशाला हवी? २००८ मध्ये इंग्लंडमधल्या टेड आणि मॅट रॉजर्स यांनी टॉर्चच्या नळीचा उपयोग करून एक मोठी ई-सिगारेट बनवली. तिचं नाव पडलं स्क्रूड्रायव्हर, कारण दिसायचीच तशी. फेरफार करून बनवलेली, म्हणजे मॉडिफाय केलेली वस्तू, म्हणून ‘मॉड’. नळीचा तो ट्यूब मॉड. आणि नळी सोडून चौकोनी डबीत तेच बसवलं की बॉक्स मॉड.

डब्यांबद्दल थोडंच सांगतो, कारण ते सोपं प्रकरण आहे. लोकांनी पेपरमिंटच्या पत्र्याच्या डब्या वापरल्या, लाकूड कोरलं, पुढे थ्रीडी प्रिंटरवर छापल्या. पण सगळ्यात लाडकी ठरली ती हॅमंड कंपनीची ओतीव ॲल्युमिनियमची डबी. हॅमंड मूळची कॅनडातली. तिची १५९० मालिका गिटारचे इफेक्ट पेडल बनवणारे लोक कितीतरी वर्षं वापरत होते. त्यातली १५९०जी साधारण १०० बाय ५० बाय २५ मिलिमीटरची. तळहातात बसते आणि दोन सेल शेजारी शेजारी आत मावतात. गिटारवाल्यांची डबी वाफवाल्यांनी उचलली. भोकं पाडायची, कानस मारायची, वर रंग द्यायचा. एवढं ज्याला येतं त्याला वाटायचं, झालं की. पण झालेलं नसायचं. कारण गिटारच्या पेडलमधून मिलिअँपियर वाहतात, आणि इथे अँपियर. हजारपट फरक.

आता नीट लक्ष द्या. आत घडतं काय? बारीक तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज जाते, तार तापते, भोवतीच्या कापसात मुरलेलं द्रव वाफ होऊन उडतं. बस. आपली विजेची शेगडी आठवा, वेटोळ्याची. तत्त्व तेच. तारही त्याच कुळातली, नायक्रोम किंवा कँथल. कँथल ही लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची मिश्रधातू, मूळ स्वीडनची, ०.४ मिलिमीटर जाडीच्या दहा सेंटिमीटर तारेचा रोध साधारण सव्वा ओहमच्या आत भरतो. शेगडी २३० व्होल्टवर चालते आणि तिचा रोध पन्नासेक ओहम, म्हणून करंट चार-पाच अँपियरच. इथे व्होल्ट चारच, पण रोध इतका कमी, की करंट शेगडीला मागे टाकतो.

ओहमचा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला आहे. करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट. वेटोळं २ ओहमचं असेल, तर २.१ अँपियर आणि पावणेनऊ वॅटच्या आसपास. पहिली काही वर्षं लोक इथेच होते. मग जास्त वाफेची हौस आली. रोध अर्धा ओहम केला: ८.४ अँपियर, ३५ वॅट. आणखी खाली, ०.२ ओहम: २१ अँपियर, ८८ वॅट. तुमच्या घरच्या गीझरच्या प्लगपेक्षा जास्त करंट, खिशात मावणाऱ्या डबीतून! एक वळसा कमी-जास्त झाला की अँपियर बदलतो, आणि साध्या मल्टिमीटरवर ०.२ आणि ०.३ यांत फरक करता येत नाही. मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. म्हणून हे लोक छोटे ओहममीटर वेगळे विकत घ्यायचे आणि दर वेळी तार बदलली की आधी मोजायचे. जे मोजत होते ते हौशी. जे मोजत नव्हते त्यांच्याकडे पुढे येतो.

आता हा सेल. नाव १८६५०: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. वजन ४५ ग्रॅमच्या आसपास. बाहेरून सगळे सारखेच, जुळ्या भावांसारखे. पण आतून दोन जातींचे. एक जात साठा जास्त ठेवते, पण हळूहळू देते. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी घ्या: क्षमता ३४०० मिलिअँपियर-तासांच्या घरात, पण सतत द्यायचा करंट पाच-सात अँपियरच. दुसरी जात साठा कमी ठेवते आणि भराभर देते. सॅमसंगचा २५आर: २५०० मिलिअँपियर-तास, पण २० अँपियर देतो. हंडा आणि बादली म्हणा हवं तर. हंड्यात पाणी जास्त, पण तोंड अरुंद. आणि दुकानात मोठ्या अक्षरात काय छापलेलं असतं? मिलिअँपियर-तास! अँपियर शोधून काढावे लागतात. बाजारात तर ‘९९००’ असं छापलेले १८६५० सेल सर्रास मिळतात. चांगल्यात चांगल्या कंपनीचा या मापाचा सेल ३५०० च्या आसपास थांबत असे, मग हे ९९०० आले कुठून? वरच्या कागदातून आले. बहुतेकदा जुन्या लॅपटॉपचा नाहीतर हलक्या प्रतीचा सेल, वर नवं रंगीत वेष्टण. हौशी मंडळींनी ही लबाडी स्वतः डिस्चार्ज करून, आलेख काढून उघडी पाडली.

चुकीचा सेल वापरला तर काय होतं, याचा हिशेब आम्ही मुलांना फळ्यावर करायला लावतो, कारण त्यात एक खोच आहे. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. भराभर देणाऱ्या सेलचा धरू २० मिलिओहम, जुन्या लॅपटॉपच्या सेलचा ७०. दोघांना ०.२ ओहमच्या वेटोळ्याला जोडा. पहिल्यातून १९ अँपियर निघतात, आणि खुद्द सेलच्या पोटात साधारण ७ वॅट उष्णता तयार होते. दुसऱ्यातून १५-१६ अँपियरच निघतात, म्हणजे वाफ कमी. पण सेलच्या पोटात १७ वॅट! आपला घरगुती सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. ४५ ग्रॅमच्या बंद डब्यात सोल्डरिंग आयर्न चालू करून ठेवल्यासारखंच झालं.

आता खोच. पाच सेकंदांचा एक झुरका घेतला तर सेल तापतो किती? अवघा दोनेक अंशांनी. हाताला कळतही नाही. म्हणजे चुकीचा सेल घातलेला माणूस दिवसभर वापरतो, काही होत नाही, आणि त्याची खात्री पटते की आपलं बरोबर आहे. पण समजा बटण अडकलं. एक मिनिटात पंचवीस अंश वर. तीन मिनिटांत पंचाहत्तर. उष्णता बाहेर जातच नाही असं धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण बंद डबी खिशात असेल तर फारशी जातही नाही. तीस अंशांवर सुरू केलं होतं, म्हणजे आपण शंभरीपाशी आलो. इथे आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता सोडू लागते, आणि मग करंट बंद केला तरी ती थांबेलच असं नाही. सेल वायू सोडतो, पेट घेतो. म्हणून जाणत्या लोकांच्या डबीला तळाशी भोकं असायची. नवख्यांना वाटायचं ती हवेसाठी आहेत. ती सेल फुटला तर वायूला वाट मिळावी म्हणून. भोक नसलेली ओतीव ॲल्युमिनियमची डबी म्हणजे काय होतं, ते दिवाळीतला सुतळी बॉम्ब पाहिलेल्यांना सांगायला नको.

बरं, बटण अडकतं कशाने? बाजारातलं छोटं दाबायचं बटण एक-दोन अँपियरचं. त्यातून पंधरा अँपियर नेले की आतल्या पत्र्या तापून एकमेकींना चिकटतात, वेल्डिंग झाल्यासारख्या. बोट काढलं तरी वीज चालूच. सुरुवातीच्या कितीतरी डब्या अशा बिघडल्या. त्यावर उपाय निघाला मॉस्फेट, हा तीन पायांचा ट्रान्झिस्टर. मोठा करंट याच्यातून जातो आणि बटण फक्त याच्या गेटला इशारा देतं. पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह आणि त्याची छोटी किल्ली. आयआरएलबी३०३४ हा नंबर या मंडळींच्या तोंडी असायचा, कारण पूर्ण उघडल्यावर त्याचा रोध दोन मिलिओहमच्याही आत असतो. पण ‘पूर्ण उघडल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे. त्याचा तो आकडा गेटवर साडेचार व्होल्ट असतानाचा आहे. एका सेलवर चालणाऱ्या डबीत, सेल उतरत उतरत साडेतीनच्या खाली गेला, की व्हॉल्व्ह अर्धवटच उघडतो आणि तापतो. शिवाय गेट मोकळं सोडलं तर ते हवेतला भारही पकडतं आणि आपोआप चालू होतं. म्हणून गेट आणि सोर्स यांच्यात १५ किलोओहमचा एक रेझिस्टर लावतात. आपल्याकडे रुपया-दोन रुपयांची वस्तू. ती विसरलेल्या डब्या बंद ठेवलेल्या असताना स्वतःहून पेटल्या आहेत. आणखी एक: मॉस्फेट जळला की बहुतेक वेळा तो तुटत नाही, शॉर्ट होतो. म्हणजे चालूच राहतो. घरातला बल्ब गेला की अंधार होतो. हा गेला की दिवा लागलेलाच राहतो. म्हणून नीट बनवलेल्या डबीत याशिवाय एक फ्यूज किंवा वेगळा मुख्य खटका असे.

आमच्यापैकी एकाने बॅटरीवर चालणारी फोम कापायची तार बनवली होती, साधारण याच मांडणीने. रेझिस्टर लावायचा राहिला. रात्री टेबलावर ठेवून झोपला, सकाळी टेबलाच्या सनमायकावर वेटोळ्याचा काळा ठसा. घर वाचलं. टेबल अजून आहे, येणाऱ्याला दाखवतो तो.

दोन सेल वापरायचे तर कसे जोडायचे, यावर तासन्‌तास वाद झालेले आहेत. समांतर जोडले तर व्होल्टेज तेच आणि करंट दोघांत वाटला जातो. प्रत्येकावर निम्मा भार. ऐकायला सुरक्षित. पण एक सेल चुकून उलटा घातला, तर बटण न दाबताही दोन्ही सेल एकमेकांत शॉर्ट होतात. कागदावर हिशेब केला तर दोनशे अँपियर येतात, प्रत्यक्षात कमी, पण पुरेसे. एकसर जोडले तर व्होल्टेज दुप्पट, ८.४. त्याच ०.२ ओहमच्या वेटोळ्यातून आता ४२ अँपियर, आणि तो सगळाच्या सगळा दोन्ही सेलमधून. नाहीच झेपत. शिवाय एक सेल म्हातारा आणि एक तरुण असेल तर म्हातारा आधी रिकामा होतो आणि तरुण त्याला उलट्या दिशेने ढकलत राहतो. म्हणून जोडीचे सेल एकाच वेळी घ्यायचे, एकत्र वापरायचे, एकत्रच चार्ज करायचे, आणि टाकायचे तेही एकत्र. या लोकांच्या भाषेत त्याला ‘लग्न लावलेले’ सेल म्हणत. (हशा) हो, घटस्फोटाला परवानगी नाही.

या सगळ्यावर खरी मात केली ती नियंत्रक पाट्यांनी. म्हणजे सर्किट बोर्ड. मुराता कंपनीचं ओकेआर-टी/१० नावाचं एक नखाएवढं मॉड्यूल होतं, उद्योगातल्या उपकरणांसाठी बनवलेलं. ४.५ ते १४ व्होल्ट आत घेतं, त्याहून कमी, हवं ते व्होल्टेज बाहेर देतं, दहा अँपियरपर्यंत. कुणा चतुराच्या लक्षात आलं, की दोन एकसर सेलचे ८.४ व्होल्ट याला द्यायचे आणि एका पोटेन्शिओमीटरने बाहेरचं व्होल्टेज फिरवायचं. शॉर्ट झालं तर हे स्वतःहून हात आखडतं. आमच्या मते या छंदातली सगळ्यात सुंदर चाल हीच.

त्यानंतर अमेरिकेतल्या ओहायोमधल्या इव्हॉल्व्ह कंपनीच्या डीएनए पाट्या आल्या. त्या वेटोळ्याचा रोध स्वतः मोजायच्या. फार कमी असेल तर चालूच होत नसत. २०१४ च्या डीएनए ४० मध्ये तापमानही धरता यायला लागलं. सेन्सर लावून नव्हे, तारेकडूनच. निकेलची तार तापली की तिचा रोध वाढतो, दर अंशाला मूळच्या ०.६ टक्के. २० अंशांवरून २३० वर गेली की रोध सव्वादोन पट. पाटी रोध वाचते, त्यावरून तापमान ओळखते आणि वीज कमी करते. कँथलचा रोध जवळजवळ हलतच नाही, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. तीच तार तापवणारी आणि तीच तापमापक. आमच्या मुलांना हे कळतं तेव्हा त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात.

आता बिघडलं कुठे ते. डबी घरी बनवणारा माणूस मोजत होता, जळत होता, शिकत होता. पण डब्या विकायला लागल्यावर वस्तू पुढे गेली आणि मोजणं मागे राहिलं. सर्किट नसलेल्या साध्या नळ्या आणि साध्या डब्या अशा हातांत गेल्या ज्यांना ओहम माहीत नव्हता. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्या चाळून १९५ स्फोट आणि आगी मोजल्या. त्यांत १३३ जणांना इजा झाली. त्यातला एक आकडा आमच्या डोक्यातून जात नाही. वापरताना झालेल्या घटना ६०. आणि नुसतं खिशात असताना झालेल्या ६१! त्यांत सुटे सेलही आले. असं का, तर या सेलचं जवळजवळ सगळं अंग ऋण ध्रुव असतं. वरची टिकली तेवढी धन, आणि दोघांमध्ये पातळ प्लास्टिकचं वेष्टण आणि कागदाची एक चकती. खिशात किल्ल्या आणि नाणी असतील तर एका नाण्याने काम होतं. आणि सेल लांबट नळीसारखा, त्यामुळे फुटतो तेव्हा टोकाकडून, रॉकेटसारखा. पुढे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगारेटच्या स्फोटाने माणसं दगावली.

कायदे आले. युरोपात मे २०१६ पासून नवे नियम लागू झाले. अमेरिकेत ८ ऑगस्ट २०१६ पासून जो कुणी अशी वस्तू जोडून विकेल तो कायद्याने उत्पादक ठरला, मग तो गॅरेजमध्ये बसलेला का असेना. आठवड्याला दोन डब्या विकणाऱ्याला ते कागदपत्र कुठून झेपणार? एव्हाना कारखान्यातल्या डब्याही स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित झाल्या होत्या, त्यामुळे बरेच जण आपणहून थांबले. काही जण टॉर्चकडे वळले, काही सायकलच्या बॅटऱ्यांकडे.

प्रश्नोत्तरांत एका मुलाने विचारलं, की लॅपटॉपमधून काढलेले सेल सायकलच्या दिव्याला चालतील का. चालतील. दिवा एक-दीड अँपियर घेतो, हंडा तिथे उत्तम. पण संरक्षण पाटी लावायची. दोन व्होल्टच्याही खाली गेलेला सेल पुन्हा जिवंत करायला जायचं नाही. वेष्टण फाटलं असेल तर नवी आकसणारी नळी चढवायची. व्होल्टेज वेगळं असलेले सेल एकदम समांतर जोडायचे नाहीत. आणि टाकायचा झाला तर ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही, ई-कचऱ्यात. बरोबर आणला आहेस का, असं विचारलं तर म्हणाला, हो सर, दोन आहेत. आणि पँटच्या खिशातून काढले, सायकलच्या किल्लीसकट. एक ३.६१ व्होल्ट भरला, दुसरा १.४. पहिला त्याला प्लास्टिकच्या डबीत घालून परत दिला. दुसरा आमच्याकडे ठेवून घेतला.